थांबलेल्या पवनचक्क्या, वाढती क्षमता

प्रश्न : ठोसेघरला जाताना चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या दिसतात. मार्च-एप्रिलमध्ये बघावं तर निम्म्या थांबलेल्या. मग जगातली पवनऊर्जा हजार गिगावॅटच्या पुढे गेली, ही बातमी खरी कशी मानायची?
— एक वाचक, सातारा

उत्तर : बातमी खरी आहे. हजाराचा टप्पा २०२३ मध्ये ओलांडला गेला. २००० साली साऱ्या जगाची मिळून क्षमता जेमतेम १७ गिगावॅट होती. आज जवळपास निम्मी एकट्या चीनमध्ये आहे, आपण चौथे. पण ही क्षमता झाली, म्हणजे भरपूर वारं असताना यंत्रं जास्तीत जास्त किती देतील तो आकडा. जमिनीवरच्या चक्कीची वर्षाची सरासरी त्याच्या पाव ते तिसरा हिस्सा पडते.

त्याच पठारावर मी बरीच वर्षं देखभालीला होतो. उन्हाळ्यात आम्ही ग्रीसिंग, बोल्ट आवळणं उरकून घ्यायचो, तुम्हाला थांबलेल्या दिसतात त्यातल्या काही त्यासाठीच. आषाढात धुक्यात पातं दिसायचं नाही, नुसता हूप हूप आवाज डोक्यावरून जायचा आणि खाली मीटर पळत असायचा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते, म्हणून आमची वर्षाची कमाई बहुतेक पावसाळ्याच्या चार महिन्यांत व्हायची.

क्षमता वाढली ती नुसत्या संख्येने नाही. पात्याची लांबी दुप्पट केली की वारं चौपट कवेत येतं, आणि उंचावर वारंही जास्त. डेन्मार्कने १९९१ मध्ये विंडेबीला समुद्रातला जगातला पहिला पवनप्रकल्प उभारला, त्यातली अकरा यंत्रं मिळून ५ मेगावॅटची होती. आता समुद्रातलं एकेक यंत्र १४-१५ मेगावॅटचं असतं, पातं शंभर मीटरहून लांब!

आपल्याकडे सगळ्यात चांगल्या वाऱ्याच्या जागा सगळ्यात जुन्या, लहान यंत्रांनी अडवल्या आहेत, ही माझी खंत आहे. तिथे मोठी यंत्रं यायलाच हवीत. जागेचे मालक अनेक, जुने वीजखरेदी करार, हे सोडवता येईल. अवघड आहे ती साताऱ्याहून वर येणारी वाट. आमच्या वेळचं लहान पातं वळणावर अडकलं की ट्रेलर मागेपुढे घेत अर्धा दिवस जायचा. आताच्या पात्यांसाठी आधी ती वळणंच रुंद करावी लागतील.