वाचकांचे प्रश्न : महामारीतील मदत, तिचे हप्ते आणि हमीचा अर्थ

कोरोनाकाळात लहान व्यावसायिकांना मिळालेल्या शासकीय मदतीविषयी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली आहेत. बहुतेक पत्रांमागची शंका एकच आहे, म्हणून निवडक पाच प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : माझा केळीच्या वेफर्सचा लहान कारखाना आहे. टाळेबंदीत रेल्वेगाड्या थांबल्या, भुसावळ स्थानकावरची विक्री बंद झाली आणि माल पडून राहिला. जुलै २०२० मध्ये बँकेने स्वतःहून बोलावून दोन लाख रुपये दिले. जादा तारण मागितले नाही, सरकारची शंभर टक्के हमी आहे असेही सांगितले. ती मदत समजून मी पैसे वापरले. पुढे हप्ते थकले आणि आता वसुलीची नोटीस आली आहे. सरकारची हमी असताना पैसे माझ्याकडे का मागितले जातात?
— एक वाचक, सावदा

उत्तर : आपल्याला मिळालेले दोन लाख रुपये हे अनुदान नव्हते, कर्ज होते. केंद्र सरकारने मे २०२० मध्ये आपत्कालीन पतहमी योजना आणली. तिची मर्यादा सुरुवातीला ३ लाख कोटी रुपये होती आणि पुढे ती ५ लाख कोटींपर्यंत वाढवण्यात आली. या योजनेतील हमी नॅशनल क्रेडिट गॅरंटी ट्रस्टी कंपनी ही सरकारी कंपनी देते, आणि ती कर्जदाराला नव्हे, बँकेला देते. सोसायटीच्या कर्जाला जामीन राहण्याची रीत आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. जामीनदाराने पैसे भरले म्हणून कर्जदार मोकळा होत नाही. इथेही कर्ज बुडाल्यास बँकेचे नुकसान भरून मिळते, परंतु वसुली बँकेने चालूच ठेवायची असते आणि वसूल झालेली रक्कम हमी देणाऱ्या कंपनीकडे जमा करायची असते.

हा फरक कर्ज देतानाच स्पष्ट मराठीत सांगितला जायला हवा होता. ‘शंभर टक्के हमी’ हे शब्द संकटात सापडलेल्या माणसाच्या कानावर पडले, तर तो त्यांचा अर्थ आपल्या बाजूनेच लावणार. म्हणून या गैरसमजाचा सगळा दोष आपल्या माथी मारणे मला योग्य वाटत नाही. तथापि त्यामुळे देणे मात्र टळत नाही.

आता करण्यासारख्या गोष्टी सांगतो. या कर्जाचे खाते आपल्या मूळ कर्जखात्याहून वेगळे असते, त्याचा संपूर्ण उतारा लेखी अर्ज करून मागवून घ्या. बँकांसाठी या कर्जाच्या व्याजदराची कमाल मर्यादा ९.२५ टक्के होती, बिगरबँक वित्तसंस्थांसाठी १४ टक्के होती, आणि हमीशुल्क काहीच नव्हते. कर्जाची मूळ मुदत चार वर्षांची असून त्यातील पहिल्या वर्षी मुद्दलाचा हप्ता नव्हता. उताऱ्यातील आकारणी याच्याशी जुळते की नाही, हे एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्या. त्यानंतर नोटिशीला उत्तर द्या, कारण उत्तर न दिल्याने प्रकरण बिघडते. गेल्या दोन वर्षांतील विक्रीचे आकडे जोडून आपण दरमहा किती भरू शकता हे लिहा, आणि एकरकमी तडजोडीची सोय आहे का, हेही त्याच पत्रात विचारा. हे देणे फेडण्यासाठी सावकाराकडून मात्र पैसे उचलू नका.

प्रश्न : माझे कापडाचे दुकान आहे. बँकेत दहा लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा (लागेल तसे पैसे काढण्याची व भरण्याची कर्जमर्यादा) आहे, पण लग्नसराईपूर्वी खाते नील, म्हणजे बाकी शून्य, करण्याची वडिलांपासूनची शिस्त आहे. याच योजनेत मला चाळीस हजारच मिळाले, आणि शेजारच्या दुकानदाराला माझ्याइतकीच मर्यादा असून जवळजवळ दोन लाख मिळाले. वेळेवर पैसे भरण्याची ही शिक्षा समजायची का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : शिक्षा करण्याचा हेतू नव्हता, परिणाम मात्र तसाच झाला. जादा कर्ज मंजूर मर्यादेवर मिळत नव्हते. २९ फेब्रुवारी २०२० या दिवशी खात्यावर जी बाकी होती, तिच्या २० टक्के रक्कम मिळत होती. आपली बाकी त्या दिवशी दोन लाख असणार, म्हणून चाळीस हजार मिळाले. शेजाऱ्यांची मर्यादा जवळजवळ पूर्ण वापरलेली असणार. ज्याच्यावर त्या तारखेस कोणतेही कर्ज नव्हते, त्याला या मूळ योजनेत काहीच मिळाले नाही. घरच्या भांडवलावर चालणारी कितीतरी दुकाने अशी रिकाम्या हाताने राहिली. ज्याचे हप्ते त्या दिवशी ६० दिवसांहून अधिक थकलेले होते, तोही वगळला गेला.

लाखो खात्यांपर्यंत काही आठवड्यांत पोहोचायचे असेल, तर बँकेकडे आधीच असलेला आकडा वापरणे सर्वांत सोपे होते, हे मान्य केले पाहिजे. प्रत्येकाच्या नुकसानीची चौकशी करत बसले असते तर वर्ष गेले असते. तरीही बुडालेल्या विक्रीऐवजी जुन्या कर्जावरून मदत मोजली गेली, ही या योजनेची मोठी उणीव आहे असे माझे स्पष्ट मत आहे. वस्तू व सेवा कराच्या विवरणपत्रांतून विक्रीतील घट निदान नोंदणीकृत दुकानांपुरती कळू शकली असती.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत लहान हॉटेल चालवतो. त्याला महामारीत मिळालेले कर्ज पूर्ण माफ झाले. आपल्याकडे तसे का झाले नाही?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : आपल्या भाच्याला बहुधा मार्च २०२०च्या कायद्यान्वये आलेल्या पगार संरक्षण योजनेचे कर्ज मिळाले असावे. त्याची रक्कम साधारणपणे सरासरी मासिक पगारखर्चाच्या अडीचपट धरली जाई. त्यातील किमान ६० टक्के पगारावर आणि उरलेले भाडे, वीजबिल अशा ठरावीक खर्चांवर वापरल्याचे दाखवले, तर ते माफ होत असे. तेथेही सगळेच माफ झाले नाही : दुसऱ्या एका आपत्कालीन योजनेतील कर्जे लहान उद्योगांना ३.७५ टक्के व्याजाने, तीस वर्षांपर्यंतच्या मुदतीने दिली गेली, आणि ती फेडावीच लागतात.

आपल्याकडे पगाराशी जोडलेली मदत भविष्य निर्वाह निधीच्या मार्गाने आली. जेथे शंभरपर्यंत कामगार आहेत आणि त्यांपैकी ९० टक्के कामगारांचा पगार १५ हजारांच्या आत आहे, अशा आस्थापनांच्या वतीने मालक आणि कामगार यांचा मिळून २४ टक्के हिस्सा केंद्राने मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात भरला. परंतु भविष्य निर्वाह निधीचा कायदा सर्वसाधारणपणे वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला लागू होतो. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील चटईच्या किंवा डाळीच्या मोठ्या कारखान्याला याचा उपयोग झाला असेल. फुले मार्केटमधील चार नोकरांच्या दुकानापर्यंत ही मदत पोहोचण्याचा मार्गच नव्हता. रोख पगार घेणारा नोकर कोणत्याही सरकारी नोंदीत नसतो, आणि नोंद नसलेल्याला मदत पाठवता येत नाही, ही आपली खरी अडचण आहे.

प्रश्न : नोव्हेंबर २०२० मध्ये माझ्या पाच लाखांच्या कर्जखात्यावर सातशे-आठशे रुपये जमा झाले होते. ते कशाचे?
— एक वाचक, धुळे

उत्तर : मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांतील चक्रवाढ व्याज आणि सरळ व्याज यांतील फरक केंद्राने दोन कोटींपर्यंतच्या कर्जदारांना दिला. त्या काळात हप्ते थांबवण्याची सवलत होती, पण ती घेतली नसली तरी हा फरक मिळाला. पाच लाखांवर १२ टक्के दराने सहा महिन्यांचे सरळ व्याज ३०,००० रुपये आणि मासिक चक्रवाढीने सुमारे ३०,७६० रुपये होते. आपल्याला मिळाले ते या दोहोंतील फरकाचे सुमारे ७६० रुपये. मूळचे तीस हजार आपल्यालाच भरावे लागले.

प्रश्न : मी आठवडे बाजारांत बांगड्या विकते. टाळेबंदीत बाजार बंद होते. शहरातल्या ओळखीच्या बायकांना दहा हजारांचे कर्ज मिळाले, नंतर सरकारचे दीड हजारही मिळाले. मला दोन्ही मिळाले नाही. आता काही मिळू शकेल का?
— एक वाचक भगिनी, शहादा तालुका

उत्तर : ताई, दीड हजार रुपये ही राज्य शासनाने एप्रिल २०२१ च्या निर्बंधांच्या वेळी नोंदणीकृत फेरीवाल्यांना दिलेली मदत होती, ती आता मिळणार नाही. दहा हजारांचे कर्ज जून २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेतील होते. ही योजना शहरांपुरती आखलेली असल्याने खेड्यांतील बाजार करणाऱ्या आपल्यासारख्या विक्रेत्या तिच्याबाहेर राहिल्या. मात्र खेड्यात राहून नगरपालिकेच्या हद्दीत विक्री करणाऱ्यांना तेव्हाही वाव होता, हे आपल्याला कोणी सांगितलेले दिसत नाही.

ही योजना मार्च २०३० पर्यंत वाढवलेली आहे. पहिले कर्ज आता १५ हजारांपर्यंत मिळते. ते वेळेवर फेडल्यास पुढे २५ हजार आणि नंतर ५० हजारांपर्यंत मिळते. तारण लागत नाही आणि नियमित भरणाऱ्यास ७ टक्के व्याज परत मिळते. आपण शहाद्याच्या बाजारातही बसत असाल, तर आधारकार्ड, बँकेचे पासबुक आणि बाजार वसुलीच्या जपून ठेवलेल्या पावत्या घेऊन नगरपालिकेत जा आणि फेरीवाला ओळखपत्र किंवा शिफारसपत्र मागा. अर्ज दिल्यावर त्याची पोच शिक्क्यासह घ्यायला विसरू नका.