ग्लॉकमध्ये कुठलं काडतूस? भाचीला पत्र

चि. भाचीबाईस,

अनेक आशीर्वाद.

तू ह्यूस्टनच्या दुकानातून पाठवलेला फोटो पाहिला. भिंतभर रंगीत पेट्या, निम्म्यांवर कवट्या नाहीतर गरुड, आणि खाली घरात स्वसंरक्षणाला ठेवलेल्या तुझ्या ग्लॉक पिस्तुलाबद्दल प्रश्न, ‘मामा, यातलं कुठलं?’ उत्तर आधीच देऊन टाकतो. नऊ एमएममधली, म्हणजे नऊ मिलिमीटर जाडीच्या गोळीची, फेडरल एचएसटी किंवा स्पीअर गोल्ड डॉट, वजनाला १२४ ग्रेन किंवा १४७ ग्रेन, त्यातली जी नेहमी मिळत राहील ती. निवडीत डोकं शिणवण्यासारखं एवढंच. खरं काम पेटी घरी आणल्यावर सुरू होतं आणि दुकानदार त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, म्हणून हे पत्र.

तुला दोन प्रकारची काडतुसं लागतील. सरावाला साधी, म्हणजे शिशाच्या गोळीवर तांब्याचं अखंड वेष्टण असलेली, फुल मेटल जॅकेट. घरात भरून ठेवायला हॉलो पॉइंट. तिच्या नाकाला खळगा असतो. गोळी शरीरात शिरली की त्या खळग्यात आतला ओलावा दाबाने घुसतो, कडा बाहेर वळतात, गोळी रुंद होते आणि बहुधा आतच थांबते. साधी गोळी आरपार जाऊन पलीकडच्याला लागू शकते. हॉलो पॉइंट क्रूर असते असं तुला कोणीतरी सांगेलच. १८९० च्या दशकात कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात इंग्रजांनी पसरणारी गोळी काढली आणि १८९९ च्या हेग जाहीरनाम्यात अशा गोळ्या युद्धात वापरायच्या नाहीत असं ठरलं, तिथून ही बदनामी चालत आली आहे. ते बंधन सैन्यांचं. अमेरिकेतले पोलीस सर्रास हॉलो पॉइंटच बाळगतात, कारण त्यांच्या आजूबाजूला माणसं असतात. तुझ्या अपार्टमेंटमध्येही असतात.

आता हीच दोन नावं का, ते सांगतो. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयच्या लोकांची दोन बँक-दरोडेखोरांशी चकमक झाली. सुरुवातीलाच एका एजंटची नऊ एमएमची हॉलो पॉइंट एका दरोडेखोराच्या दंडातून छातीत गेली. गोळी उघडली, तिने फुफ्फुस फाडलं आणि हृदयापासून साधारण इंचभर अलीकडे थांबली. जखम जीवघेणीच होती, पण तो माणूस लगेच पडला नाही. त्यानंतरही तो लढत राहिला. चकमक संपली तेव्हा दोन एजंट ठार झाले होते आणि पाच जखमी. माझ्या मते त्या दिवसाचा खरा धडा असा, की पिस्तुलाच्या गोळीने माणूस सिनेमातल्यासारखा मागे उडून पडत नाही. गोळी कुठे लागली आणि किती आत गेली, यावर सगळं ठरतं.

त्यातून एफबीआयची चाचणी निघाली. दहा टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यावर गोळी झाडायची. कधी ठोकळा उघडा, कधी त्यावर कपड्यांचे थर, कधी पुढे जिप्समची भिंत, प्लायवूड, पत्रा, गाडीची काच. दर वेळी गोळी किमान १२ इंच आत गेली पाहिजे, १८ च्या पुढे जाऊ नये. छाती काही बारा इंच खोल नसते, मग एवढं कशाला? कारण समोरचा माणूस हात पुढे करून किंवा आडवा उभा असतो आणि गोळीला आधी तो दंड ओलांडावा लागतो.

कपड्यांची चाचणी विशेष महत्त्वाची. खळग्यात कापड गच्च बसलं की गोळी उघडतच नाही, साध्या गोळीसारखी आरपार जाते. ह्यूस्टनमध्ये जाड कोट कोण घालतो म्हणू नकोस, जीन्सचं कापडही पुरतं. एचएसटी आणि गोल्ड डॉट या चाचण्यांतून वर्षानुवर्षं तावून सुलाखून निघाल्या आहेत. हॉर्नडी कंपनीची क्रिटिकल ड्यूटीही चालेल, तिच्या खळग्यात आधीच लवचिक बूच बसवलेलं असतं.

दुकानदार नऊ एमएमवर नाक मुरडून चाळीस कॅलिबरकडे, म्हणजे जरा जाड गोळीकडे, वळवायला बघेल. मायामीनंतर एफबीआयही मोठ्या गोळीकडे गेली होती, पण गोळ्या सुधारल्यावर २०१४ मध्ये त्यांच्याच प्रशिक्षण विभागाने नऊ एमएमची शिफारस केली. धक्का कमी बसतो, नेम लवकर परत येतो, मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत सरकवायच्या काडतुसांच्या डबीत, जास्त काडतुसं बसतात. तुझ्या ग्लॉक १९ मध्ये पंधरा बसतात.

ग्रेनचं कोडं तुला पडलंय ते सोपं आहे. आपला जुना तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन, त्यावरून अंदाज घे. १२४ ग्रेन फक्त गोळीचं वजन, पुंगळी आणि दारू वेगळी. जड गोळी थोडी सावकाश जाते, हलकी जोरात. तुझ्या चार इंची नळीतून दोन्ही ठीक चालतात. पेटीवर ‘प्लस पी’ असेल तर त्यात दाब जास्त, म्हणजे आवाज आणि धक्काही जास्त. तुला त्याची गरज नाही.

काय घेऊ नकोस, तेही सांगतो. अंगात गेल्यावर तुकडे होणाऱ्या ‘भिंतीला सुरक्षित’ म्हणवणाऱ्या गोळ्या, छर्ऱ्यांची काडतुसं, आणि कवटीचं चित्र असलेलं काहीही. भिंतीचं म्हणशील तर इथली भिंत म्हणजे लाकडी सांगाड्याच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचाचं जिप्सम. माणसाला थांबवण्याइतपत आत जाणारी कुठलीही गोळी तशा दोन-चार भिंती सहज पार करते. शिवाय भिंतीत शिरताना खळगा भुकटीने बुजला तर हॉलो पॉइंटही उघडत नाही. शेजारणीच्या मुलाची खोली तुझ्या हॉलच्या पलीकडेच आहे ना? मग कुठल्या दिशेला गोळी झाडायचीच नाही, हे आजच घरात उभं राहून ठरव. त्यावर कुठल्याही पेटीत तोडगा नाही.

आता मुख्य काम. हॉलो पॉइंटचं नाक बसकं असतं. झाडण्याआधी काडतूस ज्या कप्प्यात बसतं त्या चेंबरच्या तोंडाशी चढाव असतो, तिथे ते एखाद्या पिस्तुलात अडकतं. ग्लॉकला सहसा त्रास नसतो, पण ‘सहसा’वर भागत नाही. तुझ्या पिस्तुलातून, तुझ्या मॅगझिनमधून, तुझ्या हातून त्याच काडतुसांच्या दोन-तीन पेट्या झाड. गोळी साध्या काडतुसाच्या तिप्पट-चौपट भावाची आहे, हात आखडेल, तरी झाड. पोलिसांसाठीची पन्नासची पेटी मिळाली तर वीसच्या पेटीपेक्षा स्वस्त पडते. एकदा जरी अडकलं तरी आधी मनगट सैल पडलं होतं का ते बघ, मग मॅगझिन बदलून बघ, आणि तरीही अडकलं तर दुसरं काडतूस घे. इथे निष्ठा कामाची नाही.

दुसरी गोष्ट फार कमी लोक बघतात. साफसफाईला पिस्तूल रिकामं करतेस, मग पुन्हा भरतेस, आणि दर वेळी तेच वरचं काडतूस चेंबरमध्ये जातं. दर वेळी नाक चढावावर आपटतं आणि गोळी पुंगळीत केसभर आत सरकते. आत सरकली की दारूची जागा कमी होते आणि झाडल्यावर दाब धोकादायक वाढू शकतो. म्हणून पिस्तूल बाजूला ठेवून ते काडतूस आणि पेटीतलं नवं काडतूस टेबलावर शेजारी शेजारी उभी कर आणि दोघांच्या टोकांवरून नख फिरव. नख अडखळलं, तर जुनं काडतूस नेमबाजीच्या रेंजवरच्या खराब काडतुसांच्या डब्यात. हातोडीने किंवा पक्कडीने ते पुन्हा वर ओढायचा उद्योग चुकूनही करू नकोस. काडतुसाच्या बुडाला दारू पेटवणारी टिकली असते, तिच्यावर तेल सांडू देऊ नकोस आणि पेटी गाडीच्या डिकीत ठेवू नकोस, इथल्या उन्हाळ्यात तिथे भट्टी होते. वर्षभराने भरलेली काडतुसं सरावात झाडून टाक आणि नवी भर.

घरी भरलेली काडतुसं स्वसंरक्षणाला वापरू नकोस, कोणी कितीही प्रेमाने दिली तरी. प्रकरण कोर्टात गेलं तर कारखान्याच्या पेटीवर लॉट नंबर असतो, तज्ज्ञाला तसंच काडतूस आणून तपासता येतं. ॲरिझोनातल्या एका खटल्यात हॉलो पॉइंट आणि पिस्तुलाचा बोर, म्हणजे नळीची रुंदी, हाच आरोपीविरुद्ध मुद्दा केला गेला होता. पोलीस वापरतात तेच वापरलं, हे सांगता येणं बरं. रिकामी पेटी जपून ठेव.

कायद्याचं थोडक्यात. तुझं ग्रीन कार्ड आलं, तुला अडचण नाही. तुझी रूममेट एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर तिला पिस्तूलच काय, काडतूस बाळगणंही फेडरल गुन्हा आहे. म्हणून पिस्तूल आणि पेट्या कुलपात, आणि किल्ली किंवा आकडा फक्त तुझ्याकडे. उद्या एडिसनला भावाकडे राहायला गेलीस, तर न्यू जर्सीत हॉलो पॉइंट घरात ठेवता येते, रेंजवर नेता येते, पण परवाना असला तरी कमरेला लावून फिरण्यावर निर्बंध आहेत. जाण्याआधी तिथला ताजा नियम वाच.

आणि डिसेंबरात पुण्याला निघताना रेंजची बॅग सामानात घेऊ नकोस, कितीही दणकट असली तरी. त्या बॅगेच्या अस्तरात एखादं काडतूस राहून जातं आणि मुंबईच्या विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसतं. शस्त्र अधिनियम, १९५९ खाली परवान्याशिवाय एक जिवंत काडतूसही गुन्ह्याला पुरतं. ‘माहीत नव्हतं’ हे पुढे कोर्टाने मानलं, तरी तोवर तुझी सुट्टी वकिलाच्या दारात जाते.

शनिवारी सकाळी रेंजवर ये. तीन पेट्या आण, दोन्ही मॅगझिनं आण. कानाला लावायचं माझ्याकडे जास्तीचं आहे.

तुझा,
मामा