तपकिरी पडलेल्या तबकड्या : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (ठाणे) : काळ्या तबकडीचे जुने रोलेक्स घड्याळ तपकिरी पडले की त्याची किंमत वाढते, असे ऐकले. खराब झालेल्या वस्तूला जास्त पैसे का मोजायचे?

संग्राहक ज्यांना ‘ट्रॉपिकल डायल’ म्हणतात, त्या तबकड्या मुळात काळ्या असतात आणि ऊन, उष्णता व दमटपणा यांमुळे काही दशकांत चॉकलेटी किंवा तंबाखूच्या रंगाच्या होतात. १९५० आणि १९६० च्या दशकांतील रोलेक्स सबमरिनर, जीएमटी-मास्टर आणि ओमेगा स्पीडमास्टर ही त्यांची ठळक उदाहरणे आहेत. हा निर्मितीतलाच दोष होता, हे आधी मान्य करायला हवे. त्या काळच्या रंगात आणि त्यावरच्या लाखेत अतिनील किरणांपुढे टिकण्याची ताकद नव्हती, आणि सगळ्या तबकड्यांचे रसायन सारखे नसल्यामुळे एकाच मॉडेलची दोन घड्याळे शेजारीशेजारी वापरली गेली, तरी एक तपकिरी होई आणि दुसरे काळेच राही. अगदी १९८८ मध्ये आलेल्या रोलेक्सच्या डेटोना १६५२० या मॉडेलच्या बाबतीतही हे घडले : १९९० च्या दशकाच्या मध्यातील काही काळ्या तबकड्यांवर छोट्या उपतबकड्यांभोवतीची रुपेरी वलये तपकिरी झाली आणि ओस्वाल्दो पात्रिझ्झी या लिलावतज्ज्ञांवरून त्यांना ‘पात्रिझ्झी डायल’ हे नाव पडले.

पैसे मोजले जातात ते रंग सर्वत्र एकसारखा उतरला असेल आणि छपाई शाबूत असेल तरच. फोड आलेली, पाणी शिरून डागाळलेली तबकडी कोणी ‘ट्रॉपिकल’ म्हणून गळ्यात मारू पाहत असेल, तर त्याला सरळ वाटेला लावावे.

प्रश्न (कोल्हापूर) : विक्रेता म्हणतो, रंग आपोआप बदललेला आहे. खरे-खोटे कसे ओळखावे?

तबकडी भट्टीत तापवून, अतिनील दिव्याखाली ठेवून किंवा रसायन लावून तपकिरी करणारे लोक आहेत, त्यामुळे शंका रास्त आहे. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि सर्वांत आधी तबकडीची कड पाहा. केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाच्या, कडेखाली जो बारीक पट्टा झाकलेला असतो तिथे प्रकाश पोहोचत नाही, त्यामुळे खऱ्या तबकडीवर तो अनेकदा गडद राहिलेला आढळतो. मात्र ही खूण पाहण्यासाठी तबकडी बाहेर काढावी लागते, आणि विक्रेता त्याला तयार आहे की नाही यावरूनही बरेच कळते. त्यानंतर अक्षरे तपासा. तापवलेल्या तबकडीवर छपाईच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात, लाखेला सूक्ष्म तडे जातात आणि तपकिरी रंग ढगांसारखा तुकड्यातुकड्यांत उतरतो. शेवटी काट्यांवरचा आणि तासांच्या खुणांवरचा चमकणारा लेप एकाच वयाचा वाटतो का, ते पाहा. तबकडीवरचा लेप पिवळट आणि काट्यांवरचा पांढरा शुभ्र असेल, तर काटे बदललेले आहेत किंवा लेप नव्याने भरलेला आहे, असे समजायला हरकत नाही.

एवढे करूनही एक प्रश्न उरतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे : तबकडी खरी असली तरी ती याच घड्याळाची आहे का? नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात फिलिप्स या लिलावगृहाच्या लिलावात १९५७ चे, तपकिरी तबकडीचे ओमेगा स्पीडमास्टर सीके २९१५-१ तब्बल ३१ लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला गेले. लिलावापूर्वीचा अंदाज जेमतेम ८० हजार ते १ लाख २० हजार फ्रँकचा होता. विकत घेणारी खुद्द ओमेगाच होती, तिच्या संग्रहालयासाठी. जून २०२३ मध्ये कंपनीनेच जाहीर केले की ते घड्याळ वेगवेगळ्या ठिकाणचे भाग जुळवून तयार केलेले होते आणि या प्रकरणात कंपनीचेच माजी कर्मचारी गुंतलेले होते. म्हणून नुसत्या तबकडीवर भाळू नये. मशीनचा क्रमांक, केसचा क्रमांक, काटे आणि किल्ली यांचा काळ एकमेकांशी जुळतो का, हे तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

प्रश्न (पुणे) : आजोबांच्या एचएमटी जनताची पांढरी तबकडी पिवळी पडली आहे. तिला ट्रॉपिकल म्हणता येईल का?

नाही, आणि बाजारभावात त्यामुळे काही भरही पडणार नाही. तरीही ती तशीच ठेवा. जुन्या एचएमटी आणि सेइको घड्याळांच्या तबकड्या नव्याने रंगवून, भडक रंग देऊन विकण्याचा आपल्याकडे मोठा धंदा चालतो. जगभरचे संग्राहक अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणून नाक मुरडतात, आणि ते नाव आपल्या शहराला फारसे भूषणावह नाही. पिवळी पण मूळची तबकडी त्या रंगरंगोटीपेक्षा कधीही सरस.

प्रश्न (न्यू जर्सी) : माझे जुने स्पीडमास्टर दुरुस्तीसाठी कंपनीकडे पाठवू का?

पाठवायचे असल्यास तबकडी, काटे आणि बेझेल (काचेभोवतीचे कडे) बदलू नयेत, केसला पॉलिश करू नये आणि काढलेला प्रत्येक भाग परत द्यावा, हे लेखी कळवून त्याची पोच घ्या. कंपनीची केंद्रे घड्याळ नव्यासारखे करून देण्याकडे झुकतात. तपकिरी तबकडी त्यांच्या लेखी केवळ बदलायचा भाग असू शकते. अट मान्य नसेल, तर जुन्या मशीनवर काम करणारा स्वतंत्र घड्याळजी शोधावा.

प्रश्न (रत्नागिरी) : कोकणातल्या हवेत असे घड्याळ कसे सांभाळावे? आणि रेडियमची भीती खरी आहे का?

उन्हापासून दूर, बंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि त्या पुड्या पावसाळ्यात वरचेवर बदला. जुन्या घड्याळांचे रबरी वायसर कडक झालेले असतात, त्यामुळे ते घालून पावसात जाऊ नका, मग पाठीवर ‘वॉटरप्रूफ’ असे कोरलेले का असेना.

रेडियमची भीती अनाठायी नाही. आकडे व काटे अंधारात चमकावेत म्हणून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तबकड्यांवर किरणोत्सारी रेडियम वापरले जाई, त्यानंतर ट्रिटियम आले. तबकडीच्या तळाशी ‘स्विस’ या शब्दाच्या आजूबाजूला ‘टी’ हे अक्षर असेल तर ते ट्रिटियम. ट्रिटियमचे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर येण्याचा काळ, साधारण १२ वर्षे आहे, रेडियमचे मात्र सुमारे १६०० वर्षे. जुने रेडियम अंधारात चमकत नाही म्हणून ते संपले, असे समजू नये. लेपात रेडियमसोबत मिसळलेले, चमकणारे झिंक सल्फाइड निकामी झालेले असते, किरणोत्सार तसाच चालू असतो. कित्येक वर्षे बंद पडून राहिलेल्या घड्याळात काट्यांच्या आकाराचा तपकिरी चट्टा तबकडीवर उमटलेला दिसतो, तो त्याच किरणोत्साराचा डाग. असे घड्याळ उघडले नाही, तर फारसा धोका नसतो. धोका असतो तो उघडल्यावर उडणाऱ्या लेपाच्या धुळीचा. तो लेप घरी खरवडू नका, आणि ज्याच्याकडे घड्याळ द्याल त्याला तबकडीवर रेडियम आहे हे आधीच सांगा.