आधी माती मळू द्या

ताई, तुरुंगातल्या महिला बराकीत पहिल्यांदा कुंभारकाम शिकवायला जाताय, तर चाकाची घाई करू नका. पहिले आठ दिवस नुसती माती मळू द्या. आपली कपाशीची काळी माती एकटी वापरली की वाळताना तडे जातात. तापीकाठच्या गाळाची घ्या आणि त्यात चाळलेली राख मिसळा. गोळा दोऱ्याने कापून बघायचा, पोकळी दिसली की परत मळायचा. तार आत नेऊच नका, दोरासुद्धा मोजून द्या, मोजून घ्या.

वाळवण सावलीतच. माझ्याकडच्या एका आजीने घागर उन्हात ठेवली, ती गळ्यापासून बुडापर्यंत उकलली. "मन्ही घागर फुटनी वं माय," म्हणत ती रडायला लागली. मी तेच तुकडे भिजवून तिच्यासमोर ठेवले. कच्च्या मातीचं हे बरं असतं, भाजेपर्यंत ती परत गोळा होते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघरी घागर भरतात, तेव्हा माल चैत्रातच भाजून तयार हवा. पुरणाचे मांडे भाजायचं खापर मात्र नंतर, त्याला हात बसावा लागतो. आणि विक्रीनंतर प्रत्येकीची मजुरी तिच्या खात्यावर जमा झाली का, हे कार्यालयात स्वतः जाऊन विचारा.