जळजळ थांबली, मग अ‍ॅसिडची गोळी कशाला?

प्रश्न: आमचे मिस्टर सातपूरला कंपनीत शिफ्ट ड्युटी करतात. एंडोस्कोपीत अल्सर निघाला आणि एच पायलोरी नावाचा जंतू. दोन अँटिबायोटिक आणि एक अ‍ॅसिडची गोळी दिलीय, 14 दिवस. चौथ्या दिवशी जळजळ थांबली तर हे म्हणतात अ‍ॅसिडची गोळी आता बंद. सासूबाई म्हणतात सगळं मिसळीमुळे झालं. खरं काय?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर: ताई, ती गोळी अजिबात बंद करू देऊ नका. ती नुसती जळजळीसाठी नाहीये, अँटिबायोटिकचं काम होण्यासाठी आहे. पोटात अ‍ॅसिड जास्त असलं की अँटिबायोटिक लवकर खराब होतात, शिवाय जंतू नुसता तग धरून बसतो, वाढत नाही, आणि अमॉक्सिसिलीनसारखं औषध वाढणाऱ्या जंतूलाच मारतं. ही गोळी जठराच्या पेशींमधला अ‍ॅसिड सोडणारा पंपच बंद पाडते, आणि हा पंप जेवताना जोरात चालतो, म्हणून ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायची.

हा जंतू फार चिवट आहे हो, युरियापासून अमोनिया बनवून स्वतःभोवतीचं अ‍ॅसिड मारतो आणि जठराच्या अस्तराला चिकटतो. मग त्याचं व्हॅकए नावाचं विष आपल्या पेशीच्या पडद्याला भोकं पाडतं, त्यातून क्लोराइड बाहेर जातं, आत बुडबुडे फुगतात. या जंतूच्या काही प्रकारांकडे तर इंजेक्शनच्या सुईसारखी नळी असते, त्यातून कॅगए हे प्रोटीन थेट पेशीत टोचतात, पेशीपेशींमधले सांधे सैल होतात आणि अ‍ॅसिड खाली झिरपायला वाट मिळते. प्रयोगशाळेत क्लोराइडची वाट अडवणारी रसायनं टाकली तर ती भोकं बंद होतात, बुडबुडे थांबतात, मला हे फार आशेचं वाटतं, पण मेडिकलमध्ये मिळणारी गोळी ती नाही, आज भरवसा अँटिबायोटिकवरच.

मिसळीचं म्हणाल तर रश्श्याने जंतू येत नाही, झालेली जखम झोंबते एवढंच, बरं होईपर्यंत थांबा. हा जंतू बहुतेक लहानपणीच घरातून लागतो. पूर्वी डॉक्टरही तिखट आणि टेन्शनलाच दोष द्यायचे, 1984 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शलनी स्वतः हा जंतू पिऊन जठराला सूज आणून दाखवली, 2005 ला त्यांना आणि रॉबिन वॉरनना नोबेल मिळालं.

कोर्स संपला की ब्रेथ टेस्ट, म्हणजे श्वासातून जंतू आहे का बघायची तपासणी, करा, पण अँटिबायोटिक संपून किमान 4 आठवडे आणि अ‍ॅसिडची गोळी थांबवून 2 आठवडे झाल्यावरच, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.