लग्नपत्रिका छापताय? आधी घरं मोजा

पाहुण्यांची यादी आहे तेवढ्या पत्रिका, असा हिशेब मांडू नका. पत्रिका घराला एक जाते, माणशी नाही. घरं मोजलीत की आकडा बराच खाली येतो. वर पंचवीस-तीस जास्तीच्या छापा, कारण ऐनवेळी आत्याला कोणीतरी आठवतंच! नंतर पुन्हा थोड्या छापायला गेलात तर छपाईची जुळणी नव्याने लागते आणि दर चढा पडतो.

मुंबईत असाल तर गिरगावातल्या खाडिलकर रोडवर, म्हणजे पत्रिकांच्या बाजारात, एक चक्कर माराच. दुकानदार कोऱ्या कार्डाचा भाव सांगतो. छपाई वेगळी, हे आधीच विचारून घ्या. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये, म्हणजे जाळीतून शाई उतरवायच्या छपाईत, प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते, त्यामुळे एकाच रंगात छापलंत तर पैसे वाचतात. आणि मरून शाई पिवळसर कागदावर दिसतेही छान. मखमल, खडे, आत तीन-चार पानं हे सगळं मला तरी वायफळ वाटतं. शिवाय पोस्टाने पाठवायची असेल तर जाड पत्रिकेला तिकीटही जास्त लागतं.

प्रूफ मात्र दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांकडून वाचून घ्या. तारीख-वार जुळतात का, मुहूर्ताची वेळ, कार्यालयाचा पत्ता, आणि 'आपले नम्र'मधली नावं. एखादा काका राहिला की वर्षानुवर्षं ऐकावं लागतं. त्याच मजकुराची व्हॉट्सअॅपसाठी फाइल मागून घ्या. मित्रमंडळींना आणि ऑफिसात तेवढी पुरते.