प्रश्नावली छापण्याआधी वाडी फिरून ये

प्रिय,

तुझी प्रश्नावली वाचली. गुहागर-दापोलीकडच्या नववी-दहावीच्या मुलांना आरोग्यातलं किती कळतं, हे तुला पाहायचंय. प्रश्न नेटके आहेत. पण सगळा रोख मुलाच्या डोक्यावर. ते राहतं कुठे, शिकतं कुठे, याबद्दल पत्त्यापलीकडे एक ओळ नाही.

आरोग्यसाक्षरता म्हणजे माहिती मिळवणं, समजणं, खरी-खोटी पारखणं आणि वेळेला वापरणं. यातलं शेवटचं मुलाच्या एकट्याच्या हातात नसतंच. फुरशाचं, त्या विषारी सापाचं घे. फुरसं चावलं तर दवाखाना गाठायचा, हे शाळकरी मुलाला माहीत असतं. पण रात्री काकाच्या पायाला डसलं, तर ठरवणार कोण? ‘आधी मांत्रिकाकडून विष उतरवून घेऊ’ म्हणणारे चौघे अंगणात जमतात. ज्या वाडीत आशाताई (गावच्या आरोग्य स्वयंसेविका) शेजारी राहतात आणि 108 ची गाडी वेळेत आल्याचं कुणाला आठवतं, तिथे त्याच वयाच्या मुलाचं ऐकलं जातं. तुझ्या कागदावर दोघांना सारखेच गुण! नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं. ते जवळच्या आरोग्य केंद्रात असतं की तालुक्याला धावावं लागतं, हे तूच जाऊन विचार. तोही तुझ्या अभ्यासाचाच भाग समज.

शाळेत गेलीस की आठवड्याच्या निळ्या गोळीची चौकशी कर. त्यात 60 मिलिग्रॅम लोह असतं आणि सोबत फॉलिक अ‍ॅसिड. उपाशीपोटी घेतली की मळमळतं, शौचाला काळं होतं. हे आधी कुणी सांगितलं नसेल, तर एका मुलीला उलटी होण्याचा अवकाश, पुढच्या खेपेला अख्खा वर्ग गोळी मुठीत लपवतो आणि ती जाते गडग्यापलीकडे. (शाळेचा पोषण आहार आठवीपर्यंतच, नववीची पोरं पोटात काय घालून आलीत, हेही विचारून घे.) डबा खाल्ल्यावर स्वतः समोर उभं राहून गोळी देणाऱ्या, वरून लगेच चहा नको, लिंबू चालेल असं सांगणाऱ्या बाई जिथे आहेत, तिथे तीच मुलं घरी जाऊन आईला शिकवतात. पुस्तक दोन्हीकडे एकच. प्रजननसंस्थेचा धडाही सगळीकडे छापलेला असतो. कुठे शिकवतात, कुठे ‘घरी वाचा’. आणि मुलींच्या शौचालयात पाणी आहे का, ते कुणाला न विचारता स्वतः बघ.

‘तंबाखू खातोस का?’ हा तुझा सातवा प्रश्न बदल. आजी रोज सकाळी मशेरी लावते, त्या घरात मशेरीला तंबाखू कुणी धरतच नाही. मुलगा अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहील. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायला 2003 च्या कायद्याने बंदी आहे. फाटकापासून पहिल्या टपरीपर्यंत पावलं मोज.

एक मात्र सांभाळ. बाजारपेठेजवळ राहणाऱ्यांचं घरही बहुधा बऱ्या परिस्थितीतलं असतं. मुलाला जास्त कळतं ते दवाखाना जवळ म्हणून, की आई शिकलेली म्हणून, हे वेगळं काढता आलं पाहिजे. तेव्हा आईचं शिक्षण आणि घरची कमाई विचारल्याशिवाय वाडीला दोष किंवा श्रेय देऊ नकोस. शिवाय एका शाळेतली मुलं एकमेकांसारखीच उत्तरं देतात. दोन मोठ्या हायस्कुलांतून दोनशे-दोनशे घेण्यापेक्षा जास्त शाळांतून थोडी-थोडी घे. एसटीच्या फेऱ्या वाढतील, त्याला इलाज नाही.

पालकांच्या संमतीपत्रांचं आत्ताच ठरव. पुष्कळ घरांत वडील मुंबईला आणि मुलं आजीजवळ. कागद गणपतीआधी वाटून ठेव. चाकरमानी घरी आले की सह्या होऊन जातील. दीड दिवसाचा गणपती असलेल्या घरी मात्र आधी जा, ती माणसं लगेच परततात.